शत्रूच्या डोक्यावर शिरा

सात वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, संडास कुठे आहे. त्याच्या खालोखाल, इथे भूत आहे का. घराच्या भिंती एवढ्या जाड का, खिडक्या जमिनीला टेकलेल्या का, हे विचारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून झाली असती.

ओमानात निझव्याजवळ एका जुन्या घरात मी झाडलोट करत होते. घर म्हणजे तीन मजली, मातीचं, एका व्यापारी घराण्याचं. तिथे सगळे त्याला नुसतं ‘बैत’ म्हणत. बैत म्हणजे घर. मालकांची मंडळी मस्कतमध्ये कुरुमला नव्या बंगल्यात राहायला गेली, तेव्हा मालकांनी बैतची डागडुजी करून ते लोकांना बघायला उघडलं. आमचे हे मालकांची, म्हणजे अर्बाबची, गाडी चालवत. त्या ओळखीवर मला काम मिळालं. हे कुरुमला आणि मी बैतच्या मागच्या खोलीत. शुक्रवारी अर्बाब बैतला येत, तेवढीच आमची भेट.

मी गावी परत आल्यावर मस्कतच्या मराठी मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “मावशी, दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा ना. कसंही लिहा, आम्ही शुद्ध करून घेऊ.” ते शुद्ध करून घेऊ मला जरा लागलं. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण वाचन सोडलं नाही कधी. त्यांना हो म्हटलं, पण पाठवणार नाही. चार लोकांत नाव छापून आलं तर मला घराबाहेर पडायची चोरी होईल. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून या वहीत लिहिते आहे.

मातीचं घर झाडणं हे फरशी पुसण्यासारखं नसतं. हे कोणाला सांगूनही पटत नाही. पाणी जवळ न्यायचं नाही. ओला फडका भिंतीला लागला की भिंत चिखल होऊन हातात येते. खजुराच्या काथ्याचा मऊ झाडू, तोही वरून खाली, आणि दाबून नाही. वरच्या दिवाणखान्याचं छत लाकडी तुळयांचं, त्यावर लाल-काळी नक्षी आणि काही अक्षरं रंगवलेली. ती रंगाच्या ब्रशनं शिडीवर चढून झटकायची. आणि एवढं करून खाली उतरावं तर कोणीतरी नक्षीदार कोनाड्यात शीतपेयाचा डबा ठेवून फोटो काढत असणार. बोट लावू नका अशी पाटी तीन भाषांत होती. लोक पाटीलाच बोट लावून वाचत.

खिडक्यांचं सांगते, कारण ते मला फार आवडायचं. तिथे लोक जमिनीवर बसतात, म्हणून खिडकीही बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्या माणसाला त्यातून फक्त रस्त्याची धूळ दिसते. मांडी घातली की समोर खजुरांची बाग आणि तिच्यातून वाहणारा पाट. वर छताजवळ गरम हवा जायला जाळीची भोकं. ज्यानं घर बांधलं त्यानं आधी तिथे बसून पाहिलं असणार. येणारे मात्र उभ्यानंच फिरत आणि म्हणत, “व्ह्यू काही नाही.”

घराचे व्यवस्थापक होते पारकरसाहेब. आमच्याच बाजूचे, दाभोळकडचे. चाळीस वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस, अरबी, हिंदी, इंग्रजी फाडफाड. येणाऱ्यांना घर दाखवायचं कामही तेच करत. मनानं वाईट नव्हते, ईदला शीरखुर्मा आधी माझ्या दाराशी येई. पण त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक सिमेंट आणि दुसरं गोष्ट रंगवणं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट मोठ्या दरवाज्यापाशी होई. दरवाज्याच्या वर एक अरुंद फट आहे. तिच्याकडे बोट करून ते हिंदीत म्हणत, “दुश्मन दरवाजा तोडने आता था, तो ऊपर से उस के सर पर उबलता हुआ शीरा डालते थे!” पोरं किंचाळत. बायका तोंडावर हात घेत. आणि मी झाडू धरून उभी. पहिलं एक वर्ष मला हेच कळेना की शत्रूच्या डोक्यावर शिरा का ओतायचा. एवढा रवा, एवढं तूप! बरं, ओतला तरी तो फटीतून पडणार कसा, तिथेच गोळा होऊन बसेल. श्रीमंत लोकांच्या तऱ्हा म्हणून मी गप्प राहिले.

शेवटी लुत्फरभाईंनी उलगडा केला. लुत्फरभाई बैतचे गवंडी, बांगलादेशचे. ते हातातली थापी टाकून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “दीदी, शीरा मतलब खजूर का रोस! पतला, काला!” म्हणजे पाक. आपल्याकडच्या काकवीसारखा. तेव्हापासून पारकरसाहेब फटीखाली उभे राहिले की लुत्फरभाई लांबून मला हातानं रवा भाजून दाखवत. हसू दाबता दाबता माझा जीव जाई.

लुत्फरभाईंशी माझं जमलं ते चुन्यामुळे. माझ्या वडिलांची खाडीकाठी चुन्याची घाणी होती. शिंपल्या भाजायच्या, त्यांचा चुना विझवायचा, मग बैल जुंपून दगडी चाकाखाली दळायचा. बैलामागे चालायला माणूस कमी पडलं म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे बैतच्या भिंतींचा गिलावा मी पहिल्या दिवशी नखानं खरवडला आणि माहेर आठवलं. तिथे चिखलाच्या वड्या खजुराच्या ओंडक्यांवर भाजून कुटतात आणि चुन्यात मळतात, त्याला सारूज म्हणतात. लुत्फरभाई त्यालाच शुरकी म्हणत. आमच्याकडे भाजलेल्या विटांची भुकटी चुन्यात घालतात, ती सुरखी. तीन देशांची माणसं, माल एकच.

त्यांच्या गावात एका जमीनदाराची हवेली होती, त्यांच्या आजोबांनी तिचा गिलावा केलेला. चौकाच्या एका अंगाला देवीची पूजा व्हायची ते उंच दालन, त्याला जाड जाड गोल खांब आणि तीन कमानी. वरच्या मजल्यावर फळ्यांच्या झडपांची दारं, बायकांना आतून बाहेरचं दिसावं आणि बाहेरून त्या दिसू नयेत अशी. जमीनदार सोडून गेले. मग तीही हवेली लोकांना दाखवायला उघडली आणि कोणा शहाण्यानं ती मजबूत करायची म्हणून खांबांना सिमेंट फासलं.

“दो साल अच्छा था,” लुत्फरभाई म्हणाले. “फिर अंदर का पानी बाहर नहीं आया. सिमेंट गिरा तो खंबे का चमडा साथ लेके गिरा. उबला आलू छीलते हैं ना दीदी, वैसा.”

हे मला नवीन नव्हतं. चुना श्वास घेतो, त्याचं तोंड बांधू नये, असं वडील म्हणत.

पण बैतमध्ये जमिनीबद्दल तोंड उघडायची मला सोय राहिली नव्हती. त्याला कारण मीच. कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या खोलीत मातीची जमीन पाहिली. उकललेली, धूळ उडणारी. मला राहवलं नाही. शेजारच्या वाडीत गाई होत्या. दोन घमेली शेण आणलं आणि छान सारवून काढलं, एकसारखे हात उमटवून. दाराशी दोन बोटं पीठ घेऊन चार ठिपक्यांची रांगोळीही काढली. मनात म्हटलं, मालक शुक्रवारी येतील, खूश होतील.

मालक आले. डोक्याच्या रुमालाचं टोक नाकाला लावून उलटे फिरले. पारकरसाहेब धावत वर गेले आणि त्यांचा आवाज मला विहिरीपाशी ऐकू आला, “या अल्ला! बाय, शेण? घरात?” आपल्याकडे ज्यानं घर पवित्र होतं त्यानंच तिथे ते बाटलं. लुत्फरभाईंना तो थर काढायला तीन दिवस लागले. अर्बाब मला काही बोलले नाहीत. यांच्याकडे निरोप दिला, की तिला सांग, या घरात आता गुरं बांधत नाहीत. पारकरसाहेब मात्र वर्षानुवर्षं मला शेणवाली म्हणत. मी कोपऱ्यात झाडू जोरात मारला तरी, “शेणवाली, जमीन जमिनीच्या जागी ठेव हां!”

आता खालच्या खोलीचं. तळमजल्यावर एक अंधारी, बिनखिडकीची, ठेंगण्या दाराची खोली. तिच्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारूजचे उंचवटे, वीतभर अंतरावर एकेक, शेतातल्या सऱ्या-वरंब्यासारखे. मधल्या पन्हळी सगळ्या एका बाजूला उतरत्या, आणि त्या जिथे एकत्र होतात तिथे जमिनीत एक रांजण बसवलेला. रोज त्या पन्हळींत बोट घालून मी धूळ काढायची. चैत्र सरला की तिथे मुंग्या येत. सगळं घर सोडून तिथेच. पावडर टाका, खडू ओढा, काही उपयोग नाही. कंटाळून एकदा एक पन्हळ नखानं खरवडली. काळं, चिकट. जिभेवर ठेवलं तर गोड.

लुत्फरभाईंना दाखवलं. त्यांनी सांगितलं, याला मदबसा म्हणतात, त्यांनी किल्ल्यांच्या कामावर असे पाहिले होते. खजुराची पोती इथे छतापर्यंत रचत. वरच्या वजनानं आणि उन्हाळ्याच्या उष्म्यानं खालच्या पोत्यांतून रस पाझरे, पन्हळींतून वाहत रांजणात जमे. ना चूल, ना घाणा. आमच्या घाणीवर बैल फिरून मरायचा आणि इथे नुसती जमीन तिरकी ठेवून काम भागवलेलं. ज्या गवंड्यानं हा उतार धरला त्याला नमस्कार करावासा वाटला.

आणि पारकरसाहेब त्या खोलीत लोकांना काय सांगत? “ये जेल था. कैदी को इन पत्थरों पर सुलाते थे, ताके नींद ना आए.” लोक कैद्यासाठी हळहळत. एकदा मी धीर करून म्हटलं, “साहेब, ती खजुराची खोली ना?” ते म्हणाले, “बाय, खजुराचा कोण फोटो काढतो?”

हे असंच चालू राहिलं असतं तर मी वैतागले असते, पण गप्प बसले असते. पण एका सुट्टीला सोहारहून मराठी मंडळींची बस आली. त्यातल्या एका इंजिनिअरच्या बायकोनं मला यांच्याशी फोनवर मराठीत बोलताना ऐकलं. “अय्या, तुम्ही मराठी? मग इथे झाडू मारता?” मराठी माणसानं झाडू कुठल्या देशात मारावा हे मला अजून कळलेलं नाही. तेवढं बोलून बाई टाचेच्या चपला घालून मदबशात शिरल्या, मी नको नको म्हणेपर्यंत टाच पन्हळीत अडकली, बाई आडव्या. पाय मुरगळला आणि एका उंचवट्याचा टवका उडाला. मी टवक्याकडे धावले. तेही त्यांनी पाहिलं. संध्याकाळी फोनवर बैतबद्दल सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, जागा धोकादायक आहे आणि कर्मचारी निर्दय.

पारकरसाहेबांना निमित्तच हवं होतं. त्यांनी अर्बाबना फोन केला, खालचा फर्श खराब आहे, लोक पडतात, ठीक करून घेऊ का. अर्बाब म्हणाले, करा. दोन दिवसांत सिमेंटच्या गोण्या मदबशात येऊन पडल्या. पन्हळी बुजवून जमीन सपाट करायची, वर चकचकीत फरशी. रविवारी काम सुरू.

लुत्फरभाईंनी सांगून पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं, “मिस्त्री, काम करायचं की कॅन्सल होऊन घरी जायचं?” कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द. तिथे हा शब्द ऐकला की माणसाचा चेहरा मातीसारखा होतो. लुत्फरभाई माझ्याकडे आले. “दीदी, मेरा बात खलास. मैं मिलाऊँगा नहीं तो दूसरा मिलाएगा. तुम्हारा आदमी अर्बाब के पास है. तुम बोलो.”

मी यांना फोन लावला.

“तू गप ऱ्हा,” हे म्हणाले. “शेण विसरलंस काय? परत जमिनीचा विषय काढलास तर दोघांची तिकिटं काढतील.”

“अहो, पण ती खोली मरेल.”

“खोली मरत नाय. नोकरी मरते.”

त्यांचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. मला परक्या माणसासमोर स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटतो. त्यात मालक. त्यात हिंदी. शुक्रवार येईपर्यंत मी त्या खोलीतल्या गोण्या मोजल्यागत बघत होते आणि पन्हळी रोजच्यापेक्षा जास्त साफ करत होते, जशा काही त्या कुठे गावाला निघाल्यात.

शुक्रवारी अर्बाब आले ते मस्कतचे एक जुने गुजराती व्यापारी आणि त्यांच्या पत्नीला घेऊन. जुने मस्कतकर हिंदी छान बोलतात, अर्बाबही. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते दरवाज्याच्या आतल्या ओट्यावर बसले आणि पारकरसाहेब पाहुण्यांना दाखवू लागले. मी झाडू घेऊन मदबशाच्या दाराशी. हे बाहेर गाडीपाशी, तिथून मला बोट ओठांवर ठेवून खुणावत होते.

पारकरसाहेबांनी फटीकडे बोट केलं. दुश्मन आला. उकळता शीरा पडला. पाहुण्या बाई “हाय राम” म्हणाल्या. मग चार पावलं चालून ते माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, “और ये जेल. संडे से इधर टाइल लग रहा है, फिर बिलकुल सेफ.”

मला वाटतं, मी धीर केला नाही. वैतागले. इतकी वर्षं ऐकून ऐकून डोकं उठलं होतं. तोंडातून निघून गेलं, “साब, तो वो शीरा बनता किधर था?”

पारकरसाहेब मराठीत पुटपुटले, “बाय, झाडू मार.”

“नहीं,” ओट्यावरून अर्बाब म्हणाले. “क्या बोला उसने?”

आता पुढचं बोलायला माझ्याकडे हिंदी उरलं नव्हतं. मी खाली उकिडवी बसले आणि पन्हळीत बोट ठेवून ओढत नेलं, भिंतीपासून थेट रांजणापर्यंत. मग दुसऱ्या पन्हळीतून. मग तिसऱ्या. बोटाला दोन मुंग्या लागल्या होत्या, त्या तशाच वर करून दाखवल्या.

अर्बाब काठी टेकत उठले. वाकून त्या ठेंगण्या दारातून आत आले. गोण्या पाहिल्या, टवका पाहिला. “कौन सा जेल?” त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. “ये मेरे वालिद का मदबसा है. मैं छोटा था तो इधर उंगली डालके चाटता था.”

“अर्बाब, आपने फोन पे बोला, फर्श...”

“फर्श बोला. तुमने बोला था कौन सा फर्श?” मग त्यांनी गोण्यांना काठी लावली. “ये सब बाहर. खलास.”

पारकरसाहेब गोरेमोरे झाले. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटलं. साठीचा माणूस, पाहुण्यांसमोर. अर्बाब माझ्याकडे वळले. मी झाडूमागे लपता येईल का बघत होते.

“तुम वही गोबरवाली है ना?”

मी मान हलवली.

“अच्छा. इधर मत लगाना.” आणि ते एवढे हसले की बाहेरून हे धावत आले. मला कॅन्सल केलं असं समजून.

झालं, जमीन वाचली. लुत्फरभाईंनी सारूज मळून टवका भरला. मी भुकटी चाळून दिली. जोड कुठे आहे हे आता मला सोडून कोणाला सापडणार नाही. पण खजुराच्या हंगामाआधीच त्यांचा करार संपला आणि ते बांगलादेशला परत गेले. उन्हाळ्यात अर्बाबनी बागेतल्या खजुराची पोती आणून मदबशात रचली. चौथ्या आठवड्यात पहिला थेंब पन्हळीतून निघाला, काळा, सावकाश. ते बघायला लुत्फरभाई हवे होते. एक बाटली मी त्यांच्यासाठी भरून ठेवली होती. त्यांच्या गावाकडे जाणारं कोणी भेटलंच नाही. शेवटी ती गावी घेऊन आले आणि घावन्यांबरोबर संपवली, आणि प्रत्येक वेळी अपराधी वाटलं.

मुंग्यांचं विचारू नका. आधी ओळीनं येत, आता गाव घेऊन येऊ लागल्या. आणि पाक खायचा म्हणून पावडर टाकायची बंदी! रांजणाभोवती पाण्याच्या परातीवर पराती, दिवसातून चार वेळा हळद. जमीन वाचवून मी माझंच काम तिप्पट केलं.

पारकरसाहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांचा फटीखालचा आवाज ऐकला आणि मी झाडता झाडता थांबले. “दुश्मन के सर पर उबलता शीरा! पर सोचो, वो शीरा बनता किधर था? कौन बताएगा?” प्रश्न माझा, हातवारे त्यांचे. जेलमधला कैदी सुटला होता. लोक अंदाज करत, स्वयंपाकघर, गच्ची, विहीर. मग साहेब रुबाबात सगळ्यांना मदबशात घेऊन येत.

माझ्या शेवटच्या वर्षी एक मोठा घोळका आला होता. कोणालाच उत्तर येईना. पारकरसाहेबांनी सगळ्यांना आत उभं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “ये बाई बताएगी. बोल गो बाय.”

वीस-पंचवीस डोळे माझ्याकडे. सांगायला केवढं होतं. उतार, पोती, उष्मा, तो कोण कुठला गवंडी. पण सगळे उभे होते ते नेमके पन्हळींत.

“पहले पैर उठाओ,” मी म्हटलं. “मुंगी चढ रही है.”